बाहेर होते, सर

आमच्या विज्ञानाच्या सरांचा आवाज मी हुबेहूब काढते. एकदा व्हरांड्यातून नाकात "सायलेन्स!" म्हटलं, तर शेजारचा अख्खा वर्ग गप्प झाला. नक्कल प्रेमानं करतात म्हणे. मी नाही करत. मला तो माणूस आवडत नाही, आणि हे मी त्याच्याच आवाजात सांगू शकते.

डिचोलीचं आमचं हायस्कूल. पुस्तक इंग्रजीत, समजावणी मराठीत आणि लाजायचं कोकणीत. दहावीत पुनरुत्पादनाचा धडा आला तेव्हा सरांनी फळा पुसला. मग पुसलेलाच परत पुसला. "हा विषय नाजूक. घरी वाचा. पुढचं पान." आणि खाकरले.

त्याच आठवड्यात माझ्या बाकावरची मैत्रीण शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला सरांनी विचारलं, "काल कुठे होतीस?"

"बाहेर होते, सर."

आमच्याकडे पाळी आली की मुलगी 'बाहेर' असते. मग ती दिवसभर घरातच पोट धरून का पडलेली असेना.

"बाहेर? कुठे बाहेर? मांद्र्याला, बीचवर?"

मागचे मुलगे फिस्सकन हसले. त्या हसण्यावरून सरांना कळलं. मी बघत होते, कान लाल झाले त्यांचे. तिथेच "बस" म्हणायचं की नाही? पण सर माघार घेतील तर ते सर कसले!

"उद्या वडलांना घेऊन ये. बीचवर काय काम होतं ते त्यांनाच विचारू. नाहीतर वर्गात पाय ठेवायचा नाही."

ती पांढरीफटक पडली. तिचे बाबा सावंतवाडीकडचे. आधी खाणीचा ट्रक चालवायचे, आता मोपाला विमानतळावर टॅक्सी. तिची थोरली बहीण एकदा न सांगता सिनेमाला गेली, तर तिचं कॉलेज बंद झालं, थेट आजोळी पाठवली. आता हिची पाळी, म्हणजे त्या अर्थानंसुद्धा.

आम्ही हेडटीचरकडे गेलो. म्हटलं, बाई माणूस आहे, सांगेल सरांना. कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, ती हललीसुद्धा नाही.

"पुरुष माणसाला मी असं कसं सांगू गो? नाजूक विषय. पोटात दुखत होतं म्हण आणि माफी माग."

"माफी कसली, टीचर?" मी विचारलं.

"तू गप्प. ही काय तुझी नक्कल नाही."

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा टॅक्सीच्या पांढऱ्या कपड्यांत वर्गाच्या दारात उभे. सर म्हणाले, "विचारा मुलीला, परवा कुठे होती ती. म्हणते, बाहेर होते."

ती खाली बघत राहिली. बाबांचा जबडा आवळला. हेडटीचर मागे उभी, तोंडाला पदर.

मी उठले. आवाज आपोआप नाकात गेला. "सायलेन्स! पुढचं पान नाही, हेच पान. पाळी म्हणजे काय? तर दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं. बीचवर नाही, घरीच. त्याला आमच्याकडे 'बाहेर' म्हणतात. परीक्षेला येत नाही, म्हणून सरांना येत नाही." आणि खाकरले.

कुणी हसलं नाही. बाबांनी आधी मुलीकडे बघितलं, मग सरांकडे.

"ह्याच्यासाठी माका बोलावलात? मोपाचां भाडां सोडून इलंय मी! घरात हिची आवस सांगता, चेडू भायर बसलां, आणि हिच्या वाटचां पाणी मी भरतंय. तुमका पुस्तक वाचून कळूक नाय?"

मग मुलीला म्हणाले, "बस गो बाय." आणि गेले.

शाळेनं त्यावर काय केलं? स्नेहसंमेलनातून माझी नक्कल काढून टाकली. सरांना कुणी काही बोललं नाही. तो विषय नाजूक.

पुढच्या महिन्यात ती परत एक दिवस आली नाही. नंतरच्या हजेरीला सर तिच्या नावावरून घाईघाईनं पुढे सरकले. ती आपणहून उभी राहिली.

"बाहेर होते, सर."

मागच्या बाकांवर चूं नाही. सर चष्मा पुसत राहिले, ती उभीच.

"बस," सर म्हणाले. "बस गो."

खाकरायचं विसरले.