केसरीनाथच्या लॅपटॉपचं विभाजन

कोन गावच्या केसरीनाथने तीस वर्षं भिवंडीत कापडाचे लूम दुरुस्त केले. बंद पडलेल्या लूमला कान लावून तो दुखणं ओळखायचा. २००९ साली बंगळुरूला नोकरी करणारी त्याची मुलगी निशा म्हणाली, "बाबा, लॅपटॉप घ्या, रोज तोंड तरी दिसेल." त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त, पाटीएवढा लॅपटॉप उचलला. घरी आणून चालू केला, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. केसरीनाथने कान लावला. आवाजात खोट नव्हती.

"आत विंडोज नाही, म्हणून स्वस्त मिळाला," निशाने फोनवर सांगितलं. लिनक्स नावाची सिस्टिम फुकट मिळते म्हणून तिने त्या सिस्टिमची सीडी मागवून दिली. महिन्याने परदेशी शिक्क्याचं पाकीट आलं. परदेशातून फुकट कोण काय पाठवतं, या संशयाने केसरीनाथच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, ते दोन दिवस ओटीवरच ठेवलं. तिसऱ्या दिवशी केसरीनाथने सीडी काढली आणि लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. सीडी घालायला फटच नव्हती.

"मग पेन ड्राइव्ह लागेल," निशा म्हणाली.

पेन ड्राइव्ह होता तो शेजारी, धाकट्या भावाकडे, पंढरीनाथकडे. तो टेम्पोत त्यावर भजनं ऐकायचा. पण घराच्या वाटणीत फणसाचं झाड पंढरीनाथला गेलं आणि फणसाची सगळी पानं केसरीनाथच्या अंगणात पडत राहिली, तेव्हापासून चार वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून आक्काच पंढरीनाथकडे मागायला गेली.

"केसरीला पेन ड्राइव्ह पायजे. आतलं सगळं पुसावं लागंल म्हणतो."

"आत माझी दोनशे भजनं हायत."

"मग न्हाय सांगू?"

पंढरीनाथने पायात चपला सरकवल्या. "त्याला एकट्याला न्हाय पाठवायचा. मी येतो बरोबर."

टेम्पोतून दोघे कल्याण नाक्यावर दीपेशच्या सायबर कॅफेत गेले. वाटेत भजनं तेवढी मोठ्या आवाजात चालू होती. दीपेशने ती आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग पेन ड्राइव्ह पुसून त्यावर लिनक्स चढवलं. पुसताना पंढरीनाथने तोंड फिरवलं.

घरी आल्यावरही तो पेन ड्राइव्हजवळच बसला. पडद्यावर भाषांची यादी आली. त्यात मराठी दिसल्यावर केसरीनाथने शर्ट नीट केला आणि बटण दाबलं. तीन पायऱ्या सुरळीत गेल्या. चौथ्या पायरीला त्याचा हात थांबला.

"काय लिवलंय?" चार वर्षांत पंढरीनाथ पहिल्यांदा भावाशी बोलला.

"विभाजन म्हणतोय."

"कोणाचं?"

"डिस्कचं. सगळी एकत्र वापरू, का हाताने हिस्से पाडू, विचारतोय."

केसरीनाथचा दुसऱ्यावर भरवसा नव्हता. त्याचं बोट 'हाताने'कडे सरकलं.

"हाताने नको," पंढरीनाथ म्हणाला. "आपली वाटणी हातानेच केली ना. राहू दे एकत्र."

केसरीनाथने बोट मागे घेतलं. मग त्याने 'सगळी डिस्क' निवडली.

काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पडद्यावर हळूहळू भरू लागली. आक्काने चहाचे दोन कप एकाच ताटलीत आणून ठेवले. चौऱ्याण्णव टक्क्यांवर पट्टी अडकली. केसरीनाथने लॅपटॉपला कान लावला. पंढरीनाथने दुसऱ्या बाजूने लावला.

"चालू हाय," केसरीनाथ म्हणाला.

"माझ्या बाजूला पण चालू हाय."

पुढच्या रविवारी निशाने फोनवरून सांगत सांगत व्हिडिओचा कॉल जोडून घेतला. ती लख्ख दिसली. ती डोळे बारीक करून पडद्याजवळ आली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही उलटे दिसताय. डोकं खाली. आणि शेजारी... पंढरीकाका?"

"कॅमेऱ्याचा दोष हाय," केसरीनाथ म्हणाला. पंढरीनाथला लगेच उपाय सुचला. त्याने लॅपटॉपच उलटा करून हातात धरला.

"आता सरळ दिसताय," निशा म्हणाली.

अर्धा तास दोघांनी लॅपटॉप आळीपाळीने तसाच धरला. आता निशा त्यांना उलटी दिसत होती. बारीक झालेय का मी, असं तिने विचारलं, तेव्हा दोघांनी माना वाकड्या करून नीट पाहिलं आणि अजिबात नाही म्हणून सांगितलं.