दार धरणारा चौथा

मामांनी एकतीस वर्षं हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलले. सख्खे भाचे दोनच, पण मामा म्हणून हाक मारणारे हजारभर तरी असतील. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून ते जेवणाच्या टेबलाशी बसून भाजी निवडतात आणि सुनेच्या कामात नाक खुपसतात. सूनबाई कॉम्प्युटरवरच्या खेळांचे नकाशे काढते.

त्या आठवड्यात तिनं टेबलभर कागद पसरला होता. डोंगराच्या पोटातला किल्ला. चार घरांतली चार अनोळखी माणसं एकाच वेळी त्यात शिरणार, कुणी वैद्य होणार, कुणी धनुर्धारी, आणि मिळून तळघरातला दिवा शोधणार, अशी कल्पना. प्रत्यक्षात चौघं चार दिशांना पळत सुटायचे आणि मागे पडलेला कंटाळून खेळच बंद करायचा. वरिष्ठांनी बजावलं होतं, की शुक्रवारच्या चाचणीत माणसं एकत्र खेळली नाहीत तर नकाशा रद्द. दोन वर्षांची मेहनत होती ती.

"बाबा, मटारची सालं नकाशावर नकोत."

"तळ्यात पडलीत गं, तरंगतील."

"अर्धे मटार तोंडात, अर्धे तळ्यात," सासूबाई ओट्यापासून म्हणाल्या. "मी भाजी कशाची करू?"

मामांनी चष्मा पुसला आणि भुयारांवरून बोट फिरवलं. "या वळणावर स्ट्रेचर वळायचा नाही."

"यात स्ट्रेचर नाहीये, बाबा."

"बरं. दारं कशी उघडतात?"

"जवळ गेलं की आपोआप."

"मग कुणाला कुणाची गरज पडणार?"

सूनबाईची पेन्सिल थांबली. मामा सांगू लागले. जुन्या इमारतीत एक्स-रेच्या खोलीला जड स्प्रिंगचं दार होतं. स्ट्रेचर ढकलायला दोन्ही हात लागायचे, दार कोण धरणार? पण कुणी ना कुणी धरायचंच. डबा घेऊन आलेलं, रिपोर्टची वाट बघत बसलेलं, कधी स्वतः प्लास्टरमधलं. पुढे आपोआप उघडणारी दारं आली. खांदे दुखायचे थांबले, ते बरंच झालं. पण त्या बोळात कुणी कुणाशी बोलेनासं झालं.

दोन दिवसांत तिनं किल्ल्याला तीन जड दारं बसवली. एकानं धरायचं, बाकीच्यांनी जायचं. ऑफिसात करून पाहिलं आणि संध्याकाळी ती तोंड पाडून आली.

"धरणारा बाहेरच अडकतो, बाबा. मग कुणी धरायलाच तयार होत नाही."

मामांना हे कोडंच वाटलं नाही. "अगं, पेशंटला आत सोडून मी परत यायचोच ना, रिकामा स्ट्रेचर घेऊन. तेव्हा आतून दार मी ओढायचो. बाहेर जो असेल तो आत."

"म्हणजे आत गेलेल्यानं माघारी यायचं. आणि नाही आला तर?"

"काही जण नाही यायचे," मामा शेंग मोडत म्हणाले. "पण कुणीतरी येतं."

तिनं दारं आतूनही ओढता येतील अशी केली आणि शुक्रवारी मामांनाच ऑफिसात नेलं. वरिष्ठांना मुद्दाम हळू खेळणारा माणूस हवा होता, कारण खेळ सोडून जातो तो मागे पडलेलाच. "हळूपणाला याहून मोठा जाणकार मिळायचा नाही," सासूबाईंनी दारातून शिफारस केली.

चौघांना चार खोल्यांत बसवलं. बाकीचे तिघं परके होते, नकाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मामा दोन बोटांनी कळा दाबत, भिंतींना धडकत पहिल्या दारापाशी पोचले आणि त्यांनी दार धरलं. तिघं वाऱ्यासारखे आत गेले. दार मिटलं. पडद्यावर मामांचा म्हातारा वैद्य अंधारात एकटा उभा राहिला.

काचेपलीकडे सूनबाई नखं खात होती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. वरिष्ठांनी घड्याळ पाहिलं. मामा मात्र स्वस्थ बसले होते. वाट बघण्याची त्यांना सवय होती.

मग दाराच्या फटीत मशालीचा उजेड आला. धनुर्धारी परत आला होता. त्यानं आतून दार ओढलं आणि बाजूला सरून उभा राहिला.

मामा खुर्चीतून अर्धवट उठले. "उपकार झाले, बरं का," ते पडद्याला म्हणाले. एकतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते, पण नजर पेशंटवर असायची, त्यामुळे दार धरणाऱ्याचा चेहरा क्वचितच दिसायचा. आज तो समोर होता, चितारलेला का होईना.

कानातल्या हेडफोनमधून एका बाईचा दमलेला आवाज आला. "काका, सॉरी हं, उशीर झाला. पुढचं दार मी धरते. तुम्ही आधी जा."

वरिष्ठांनी घड्याळावरची नजर काढली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. दिवा सापडेपर्यंत ते उठले नाहीत. नकाशा राहिला.

घरी परतताना लिफ्टचं दार सूनबाईनं हातानं अडवून धरलं.

"आपोआप उघडतं ते," मामा म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "या तुम्ही."