जुन्या ओळींचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चाळीसगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, आणि बागेतच घरची छोटी वायनरी. मजुरांच्या पाळ्या, टाक्या धुणं, फवारण्या — सगळं माझ्या वहीत. मी वही घेऊन बागेत आले की सासरे, म्हणजे आबा, त्यांच्या अहिराणीत ओरडायचे, "उनी मास्तरीनबाईनी यादी! पळा रे बठ्ठा!" की सगळे मजूर हसत पांगायचे.

बागेच्या टोकाच्या सहा ओळी आबांनी तरुणपणी लावलेल्या. इकडे पंधरा-वीस वर्षांत वेली काढून टाकतात. या चाळिशी ओलांडलेल्या. घड मोजके, पण आमची सर्वांत चांगली वाइन त्यांचीच. आबा थेंबही घेत नाहीत — नुसता ग्लास हुंगतात आणि वेलींना शाबासकी द्यायला निघतात. त्या ओळींची छाटणी ते स्वतः करायचे. दुसऱ्या कुणाला कात्री लावू द्यायचे नाहीत.

छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे फुटून कोंब यावेत म्हणून त्यांना औषध लावतात. नव्या वेलींच्या काड्या जाड, त्यांना पूर्ण माप. जुन्यांच्या बारीक, त्यांना अर्धं. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण एका ऑक्टोबरात, घाईत, नव्या बागेच्या पूर्ण मापाखाली जुन्या ओळींपुढे मी लिहिलं — 'वरीलप्रमाणे'. मजुरांनी यादीबरहुकूम लावलं.

नव्या बागेत पोपटी कोंब आले. आबांच्या ओळींत डोळे जळून काळे पडले.

मी वही उघडली, आणि कळलं. मग काय केलं? ते पान फाडलं. नवं लिहून ठेवलं — त्याच शाईनं, त्याच नीटनेटक्या अक्षरात.

आबांना बारीक लिहिलेलं दिसत नाही. बांधावर बसून त्यांनी विचारलं, "जुन्या वेलीस्ना पुढे काय लिखेल शे? वाच बरं."

"अर्धं माप," मी वाचलं. मोठ्यानं. न अडखळता.

"मंग छाटनीम्हा मनाच हात चुकना," ते म्हणाले. "तुनी यादी थोडीच चुकी!" आणि कात्री माझ्या हातात ठेवली.

तेव्हा बोलता आलं नसतं? आलं असतं. मी कात्री घेतली.

त्या वर्षी ती वाइन झालीच नाही. पुढच्या वर्षी वेली पुन्हा फुटल्या. आता छाटणी मी करते. आबा मागे हात बांधून ओळीतून चालतात, एका काडीलाही बोट लावत नाहीत. एकदा म्हटलं, "आबा, एक वेल तरी छाटा."

"नको माय. परत मारी टाकसू."

बाग बघायला पाहुणे आले की आबा त्यांना थेट त्या ओळींपाशी नेतात. पाहुण्यांसमोर ते शहरी बोलतात. "या वेली मी मारल्या होत्या," ते सांगतात — केवढ्या अभिमानानं! — "माझ्या सुनेनं जगवल्या."

मी शेजारीच असते. ग्लास पुसत.