सहा अँपियरचा संसार

स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेत श्यामकांत डॉक्टरेटसाठी वीज पाडत असे. दहा लाख व्होल्टची. ती कडाडली की प्राध्यापक डोळे मिटून ‘गेनाऊ, गेनाऊ’, ‘अगदी बरोबर’, म्हणत, जणू एखाद्या बैठकीत गवयाला दाद देताहेत. आणि संध्याकाळी घरी परतलं की याच श्यामकांतला सहा अँपियरच्या फ्यूजला बोट लावायची मुभा नव्हती.

घर म्हणजे वोनवागेन. नेकार नदीकाठच्या कॅम्पिंगच्या मैदानात उभं असलेलं चाकांवरचं घर. मोटारीला जोडून हवं तिथे न्यावं अशी त्याची ख्याती, पण यांच्याकडे मोटार नव्हती, त्यामुळे चाकं नुसती शोभेला. आधी वर्षभर तो आणि त्याची बायको वसुधा खोलीसाठी गावातले चढ चढून आले होते. घरमालकीण दार उघडायची, श्यामकांतकडे बघायची, वसुधाच्या साडीकडे बघायची, कडेवरच्या लेकीकडे, वीणाकडे बघायची आणि कळवळून म्हणायची, “आल्झो, खोली होती हो. अगदी सकाळपर्यंत होती.” वसुधा पुढेपुढे दार उघडायच्या आतच ते वाक्य त्याच सुरात पुटपुटायची, आणि श्यामकांतला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

मैदानाच्या कोपऱ्यात एक लोखंडी पेटी होती. पेटीला कुलूप, आणि किल्ली हेर, म्हणजे श्रीयुत, आयझेलेंच्या खिशात. आयझेले म्हणजे तिथले प्लाट्सवार्ट, मैदान सांभाळणारे. पेटीतून एक केबल निघून वोनवागेनमध्ये येई आणि तिच्यावर सगळा संसार. हीटर एकटा चाले, शेगडी एकटी चाले. दोन्ही एकदम लावली की थोड्या वेळाने पेटीतला फ्यूज उडे. म्हणून घरात रीत पडली होती: शेगडी लावायची तर आधी हीटर बंद. मग श्यामकांत वीणाला शालीत गुंडाळून कोटाच्या आत घेई आणि भात होईपर्यंत बसून राही.

त्रेसष्टच्या जानेवारीत नदी गोठली, आणि थंडीत रीत विसरली जाऊन फ्यूज दोनदा उडाला.

“अजून एकदा,” आयझेले म्हणाले, “की वसंतापर्यंत लाइन बंद.”

“मी जाड केबल टाकतो. स्वतंत्र फ्यूज बसवतो. माझ्या खर्चाने. अहो, मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे.”

“हा, नॉय,” आयझेले आपल्या सावकाश, तिथल्या श्वाबी हेलात नकार देत म्हणाले. “इंजिनिअर तुम्ही आहात. किल्ली माझ्याकडे आहे.” मग जरा विरघळून म्हणाले, “उद्या दुपारी येऊन बसतो. हीटर चालू ठेवा. तो नीट चालला, तर हिवाळा तुमचा.”

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते आले. बाहेर अंधारून येत होतं. हीटरची तार लाल होती, वीणा खाली खेळत होती. आयझेले बाकावर टेकले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हीटरकडे असे बघत राहिले जसा डॉक्टर पेशंटच्या छातीकडे बघतो.

“चहा घेणार ना?” वसुधाने मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

“नाइन, डांके.”

“राहू दे गं, नको म्हणताहेत ते,” श्यामकांत मराठीत म्हणाला.

“पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात,” वसुधा म्हणाली आणि पडद्यामागे गेली.

श्यामकांतला वाटलं, ती कप आवरायला गेली. तेवढ्यात आयझेलेंनी आपल्या मेहुण्याच्या मोटारीचा विषय काढला. गोष्ट मध्येच ‘गेल?’, म्हणजे ‘हो ना?’, करून थांबायची, की श्यामकांतने ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणायचं. तो म्हणत राहिला. हीटर छान चालला होता. आयझेलेंचं तोंडही सैल झालं होतं; आता हिवाळा आपला, असं श्यामकांतच्या मनात आलंच होतं, आणि सुंठीचा वास आला.

उकळत्या पाण्यातल्या सुंठीचा.

त्याने तोंड उघडलं. पण मेहुण्याची मोटार ऐन घाटात होती, आणि जर्मनीत दुसऱ्याचं वाक्य तोडायचं नसतं, हे त्याने पहिल्याच महिन्यात शिकून घेतलं होतं.

दिवा गेला. हीटरची तार लालाची तपकिरी झाली, मग दिसेनाशी झाली. वीणा खुदकन हसली.

अंधारातून वसुधा दोन कप घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. तिला सगळं एकदमच कळलं. घरी माणूस आलं की तिचे हात आपले आपणच आधणाकडे वळत. हीटरचा विचार मधे आलाच नव्हता.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “साखर घातलीय.”

आयझेलेंनी कप घेतला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले. “चांगला आहे. तिखट, पण चांगला,” ते म्हणाले. मग टोपी घालून ते पेटीपाशी गेले आणि त्यांनी नवा फ्यूज बसवला, पण भलताच लहान, दिव्यापुरता. कुलपाचा आवाज आतपर्यंत आला. श्यामकांत दारात उभा होता. फ्यूज किती लहान आहे, त्यावर काय चालेल आणि काय नाही, हे त्याला पाठ होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता.

दिवा परत लागला. वसुधाने घरातल्या सगळ्या शाली काढल्या. श्यामकांतने वीणाला कोटाच्या आत घेतलं. शेगडी लावायची नसताना पहिल्यांदाच. भात होईपर्यंत थांबायचं, असंही आता म्हणता येत नव्हतं.

वीणाभोवती आणखी एक शाल खोचत वसुधा म्हणाली, “निदान कोरडं तरी नाही पाठवलं त्यांना.”

“नाही,” श्यामकांत म्हणाला.