गार्डसाहेबांची बाकं

कल्याणला आमच्या शेजारी स्वातंत्र्यानंतर लगेच रिटायर झालेले एक रेल्वे गार्ड राहत. चार पावलं चालले की मागे वळून बघत, जणू मागून डबे येताहेत. हाती आलेला सगळा फंड त्यांनी चर्चच्या बाकांसाठी देऊन टाकला. घरात मात्र बसायला ड्युटीवरची जुनी पत्र्याची पेटी! मला काही कळेना.

एका रविवारी ते चर्चच्या दारात उभे दिसले.

"गार्डसाहेब, बाकं तुम्हीच दिलीत ना? मग बसत का नाही?"

"सगळे चढल्याशिवाय गार्ड चढत नाही, बाबा."

मी हसलो. सगळे आत गेले, प्रार्थना सुरू झाली. शेवटचं बाक रिकामंच होतं. ते मात्र दारातच, रस्त्याकडे बघत. कोण चढायचं राहिलं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.