पश्चात एक मुलगा, दोन मुली

नोकरीत तक्रारी शेकड्यांनी हाताखालून गेल्या. लोक अजून खून-दरोड्यांचे विचारतात, पण मला जशीच्या तशी आठवते ती पडेगावच्या एका घरातून आलेली तक्रार. त्यात रक्त नव्हते, चोरी नव्हती, कोणाला बेडी पडली नाही. नावे मात्र लिहिणार नाही, कारण त्यांतली बरीच माणसे अजून आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत.

सुरुवात झाली ती सकाळच्या हजेरीनंतर बीटच्या हवालदाराने दिलेल्या खबरीने. "साहेब, एक बाई घरोघर फिरून मेलेल्या माणसांची चौकशी करती. आजोबा कधी वारले, मूळ गाव कोणतं, पोरं किती, सगळं विचारती. हातात जुन्या पेपरच्या झेरॉक्स हायेत."

मी कान टवकारले. पेपरातली निधन वार्ता वाचून, घरचे अंत्यविधीला गेले की कुलूप तोडणारे महाभाग आम्ही पाहिले होते. पण ही बाई वीस-तीस वर्षांपूर्वीच्या निधन वार्ता घेऊन हिंडत होती. तेव्हा मेलेल्या माणसाच्या घरी आता चोरायचे काय, हे काही डोक्यात बसेना.

त्याच आठवड्यात त्यांतल्याच एका घरातला तरुण तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. ही बाई आपली आतेबहीण असल्याचे सांगते, वडिलांना तर एकच बहीण आहे आणि ही काही तिची मुलगी नव्हे. आमच्या जमिनीचा भाव वाढल्यामुळे खोटे नाते लावून वारस म्हणून घुसण्याचा तिचा डाव आहे, असे अर्जात लिहिले होते. दौलताबाद रस्त्याच्या जमिनी महाग झाल्यापासून असे अचानक उगवलेले वारस आम्हाला नवीन नव्हते. मी बाईंना समजपत्र देऊन बोलावून घेतले.

बाई पंचेचाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, क्रांती चौकाजवळ शिवणक्लास चालवणाऱ्या. बनाव करणारा माणूस ठाण्यात आल्या आल्या ओळखी सांगतो, अमक्या साहेबांचा मी तमका. या बाईंनी आधी पाणी मागितले. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"मेलेल्या माणसांशी तुमचं काय काम?"

"माझी आई लई आजारी हाय साहेब. डॉक्टर म्हणले, आता घरीच ठेवा. तिला माहेर पायजे."

हळूहळू सगळे बाहेर आले. आईचे माहेर अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेले मराठा घर. तिने गावातल्याच एका बौद्ध तरुणाशी लग्न केले आणि दोघे शहरात निघून आले. वडिलांनी घरातल्या सगळ्यांना तिच्या नावाने आंघोळ करायला लावली. मुलगी मेली, विषय संपला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे आईने माहेरचा विषय काढला नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. अंथरुणाला खिळल्यावर मात्र रोज तेच. आपल्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर घालायचे लुगडे माहेरहून येते.

"ती म्हणती, माझ्या अंगावर कुणाचं लुगडं पडंल गं? मी काय सांगू तिला?"

बाई गावी जाऊन आल्या. घर विकलेले, माणसे शहरात गेलेली, कुठे ते कोणाला नीट ठाऊक नाही. मग रविवारच्या रविवार वाचनालयात बसून त्या जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली चाळू लागल्या. आजोबांच्या नावाची माणसे बरीच निघाली, म्हणून घरेही बरीच पालथी घालावी लागली. शेवटी एक निधन वार्ता सापडली. नाव तेच, मूळ गाव तेच, हल्ली मुक्काम पडेगाव. 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सून, नातवंडे असा परिवार आहे.'

"मामाला ते दाखवलं. तर म्हणला, पेपरवाल्याची चूक हाय, मला एकच बहीण. अन् दार लावून घेतलं."

मी कागद पुन्हा वाचला. आमच्या खात्यात अकस्मात मृत्यूची नोंद करताना आधी खबर देणाऱ्याचे नाव लिहावे लागते. ही सवय अंगात मुरलेली असते. पेपरात नाव चुकते, वय चुकते, फोटोसुद्धा दुसऱ्याचा लागतो. पण पोरी किती, हे पेपरवाला मनाने लिहीत नाही, घरचेच कोणीतरी जाऊन सांगते. तरी एखाद वेळी चूक होऊ शकते, म्हणून मी विचारले, "आजीची निधन वार्ता पाहिली का?" त्यांनी पाहिली नव्हती. आजोबा सापडल्यावर त्यांनी फायली मिटल्या होत्या.

"ती शोधा. आणि तोवर त्या घराकडे फिरकायचं नाही," मी दम दिला. दम देणे ही आमची सवय, तिला इलाज नाही.

काही रविवार गेले. मग एका दुपारी बाई आल्या आणि एक झेरॉक्स टेबलावर ठेवली. आजी आजोबांनंतर बऱ्याच वर्षांनी वारल्या होत्या. तिथेही तेच होते, एक मुलगा, दोन मुली.

मी मामांना बोलावून घेतले. साठीचे गृहस्थ, सोबत तक्रार देणारा मुलगा. मुलाला बाहेर बाकावर बसवले, चहा मागवला आणि दोन्ही कागद मामांसमोर ठेवले.

"भाऊ, ही खबर पेपरात कोणी दिली होती?"

"मीच."

"दोन मुली तुम्हीच सांगितल्या?"

"वडलांच्या टायमाला आईनं सांगितलं व्हतं. म्हणली, दोन सांग, नायतर मी तोंडात पाणी घेणार नाय."

"आणि आईच्या वेळी?"

त्यांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी घाई केली नाही.

"आईच्या टायमाला मला कोण सांगणार व्हतं साहेब? सांगणारी तर गेलती. तिथल्या माणसानं विचारलं, पोरी किती. मी दोन म्हणलो." कागदावरून बोट फिरवत ते पुढे म्हणाले, "आक्कानं मला कडेवर वागवलं. बापानं डोक्यावर तांब्या ओतला तवा मी शाळकरी पोरगा, काय करणार? पण मोठा झालो तरी गेलो नाय. पोरालाबी कधी सांगितलं नाय. आता तिची लेक दारात आली, तिला कुठलं तोंड दाखवू?"

जमिनीचा त्यांनी शब्दही काढला नाही. तो धसका मुलाचा होता. मी मुलाला आत बोलावले आणि बापाने त्याला स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. तो आधी तांबडालाल झाला, मग म्हणाला, "आत्या हाय ना? मग हितं कशाला बसायचं? चला की." त्याने अर्ज मागे घेतल्याचा जबाब दिला आणि आम्ही प्रकरण दप्तरी दाखल केले.

"साहेब, तुम्हीबी चला. मला एकट्याला नाय जमायचं," मामा म्हणाले.

वाटेत गुलमंडीवर लुगड्याच्या दुकानात थांबलो. दुकानदाराने विचारले, कोणासाठी, वय काय. मामांनी बहिणीसाठी, एवढे सांगितले. वय काही सांगता येईना. समोरच्या गठ्ठ्यातून त्यांनी भडक गुलाबी रंगाचे, पिवळ्या काठांचे लुगडे उचलले. लग्नाच्या वयाच्या मुलीला शोभावे असे.

आक्कांना खाटेवर उशीला टेकवून बसवले होते. भाऊ उंबऱ्यातच थबकला. लेक ओळख करून द्यायला लागली तशी त्यांनी तिला हातानेच थांबवले.

"आला व्हय रं," त्या म्हणाल्या. "केस पार पांढरे करून आला."

मामांनी लुगडे त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी घडी उलगडली आणि हसू लागल्या. "येडाच हायेस. म्हातारीला कुणी गुलाबी आणतं? ऱ्हाऊ दे, मेल्यावर रंग कोण बघतंय."

"तवाचं दुसरं आणीन, आक्का. हे आत्ता नेस."

तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

'नाही' म्हणणाऱ्याच्या मागे एक तर लोभ असतो, नाहीतर भीती, असे आम्ही शिकलो होतो. माणूस लाजेपोटीही नाही म्हणतो, आणि ज्याच्यावर माया आहे त्यालाच ओळखत नाही म्हणून सांगतो, हे मला या प्रकरणाने शिकवले. पुढे नात्यातली तक्रार आली की मी आधी मुलाबाळांना बाहेर बसवायचो आणि चहा सांगायचो. बरीच भांडणे तिथेच मिटली.

डॉक्टरांनी सांगितले होते त्याहून आक्का बऱ्याच जास्त जगल्या. त्या गेल्या तेव्हा बाईंचा फोन आला आणि मी गेलो. मामा बोलल्याप्रमाणे दुसरे लुगडे घेऊन आले होते. गुलाबी लुगडे मागच्या दोरीवर वाळत होते, नेसून नेसून पार विटलेले.