अण्णांच्या नावावर

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत चहाच्या सुट्टीत किस्से साठत जातात. प्रत्येकावर पहिला प्रश्न एकच येतो: कुणी सांगितलं? काय सांगितलं, ते नंतर.

स्नेहल मॅडम नव्या इंजिनिअर. एकदा मीटर दाखवून म्हणाल्या, साच्यांची वाळू ओली आहे, आज ओतू नका. कुणी ढिम्म हललं नाही. मग भट्टीवरचे दत्तूअण्णा आले, तीस वर्षं मुरलेले. मूठभर वाळू दाबून बघितली आणि म्हणाले, "न्हाय ओतायचं." काम तिथंच थांबलं!

नंतर अण्णा हळूच मॅडमना म्हणाले, "हाताला काय कळतंय? मी तुमच्या मीटरकडंच बघितलं की."

पुढं अण्णा हार्ट अटॅकनं गेले.

महिन्याभरात क्रेनवरच्या सदानं साखळी बदलायचा हट्ट धरला. मॅनेजर ऐकेनात. शेवटी सदा म्हणाला, "अण्णा म्हणायचे, ही साखळी दगा देणार." दुपारी नवी साखळी आली. जुनीची एक कडी खरंच चिरलेली निघाली. सदानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "चीर मीच बघितलीती. पण माझं कोण ऐकतंय?"

मग सगळेच सुटले. सुट्टी पाहिजे, अण्णा म्हणायचे. कँटीनच्या आमटीत मीठ कमी, अण्णा म्हणायचे. जिवंतपणी माणूस एवढं बोलला नव्हता!

आणि मग ती सोमवारची सकाळ. वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या बादलीत, घ्यायला आम्ही सहा जण उभे होतो. भट्टी कलायला लागली आणि मागून आवाज आला, "लॅडल ओला हाय. मागं सरा."

सहाही जण मागं सरलो. लोखंड आत पडलं आणि ओलीमुळं उसळून बाहेर आलं, आम्ही उभे होतो नेमकं तिथं. मॅडम धावत आल्या आणि कुणाला एकमेकांशी बोलूच दिलं नाही.

मॅडमनी प्रत्येकाकडून वेगळ्या कागदावर लिहून घेतलं, इशारा कुणी दिला. पाच कागदांवर एकच नाव: दत्तूअण्णा.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांच्या कानात अण्णाच बसलेत. या पाच साक्षी नाहीत, एकच आहे." आम्हाला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

सहावा कागद कोडोलीच्या इरफानचा. तो त्याच सकाळी कामाला लागलेला, अण्णांचं नावही त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं:

"मागं ते म्हातारे मामा उभे होते, त्यांनी. नाव विचारायचं राहिलं."